पीएफची पेन्शन आत्ताच घेऊ का अठ्ठावन्नला?

या महिन्यात पत्रं अन् व्हॉट्सॲप मिळून जे काही आलं त्यात निम्मं पेन्शनचंच होतं, म्हणून बाकीचे प्रश्न (संत्र्याची गळ, ७/१२ वरचं नाव, मीटरचं बिल) पुढच्या अंकात घेतो. रागावू नका.

प्रश्न: नमस्कार जी. मी १९९७ ते २०१९ असे २२ वर्षं सूतगिरणीत काढले, मंग गिरणी बंद पडली. आता ५४ पूर्ण झाले. पीएफचा पैसा पोरीच्या लग्नात अन् घराच्या स्लॅबमधी गेला, आता फक्त पेन्शनचं स्कीम सर्टिफिकेट पेटीत ठेवून हाये. नेट कॅफेवाला सांगते का ५८ ला महिन्याचे २,५०० बसतीन अन् आत्ता घेतली तर २,१००. बायको म्हणते घेऊन टाका. साळा म्हणते जन्मभर ४०० कमी घेता का, चार वर्षं दम धरा. तीन एकर कोरडवाहू हाये, कापूस अन् तूर, कृषी केंद्राची उधारी दरसाल चढतेच. काय करू सांगा. नाव छापू नका.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, पहिले कागद-पेन घ्या, साळ्याशी मंग बोलू.

आज २,१०० सुरू केले तर ५८ पर्यंत ४८ महिने भेटतात, म्हणजे १,००,८०० रुपये. थांबलात तर हे एक लाख आठशे गेले, पण ५८ नंतर महिन्याला ४०० जास्त येतात. आता ४००-४०० करत ते एक लाख आठशे भरून निघायला किती महिने लागतात? २५२. म्हणजे २१ वर्षं. म्हणजे तुमचं वय तोवर ७९. त्याच्या पुढं जगलात तर साळा जिंकला, त्याच्या आधी गेलात तर बायको जिंकली. बहुतेक लोक हा हिशोबच करत नाहीत, नुसतं "कपात होते" हे ऐकूनच घाबरतात.

ही कपात म्हणजे काय तर ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफवाल्यांच्या या पेन्शन योजनेत, पूर्ण पेन्शन ५८ ला, पण दहा वर्षं नोकरी भरली असेल अन् नोकरी सुटली असेल तर ५० पासून कधीही घेता येते, फक्त ५८ ला जितकी वर्षं कमी तितके चार-चार टक्के कापतात. (२६ सप्टेंबर २००८ च्या आधी तीन टक्के होते.) तुमचे चार वर्षं, म्हणजे १६ टक्के, २,५०० चे २,१००. कॅफेवाल्याचं हे गणित बरोबर आहे. पण त्याचा २,५०० चा आकडा एकदा तपासून घ्या, कारण सूत्र सोपं आहे, शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले ७०, पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५०० ची लागते अन् नंतरच्या वर्षांना १५,००० ची, अन् लोक सगळी वर्षं मोठ्या पगारानं मोजून खुश होतात.

आणखी एक गोष्ट साळ्याला सांगा, या पेन्शनला महागाई भत्ता नाही. ज्या आकड्यावर सुरू झाली त्याच आकड्यावर चालते. युरियाची थैली, गॅस, डाळ, सगळं चढत जाईल अन् तुमचे २,५०० तिथंच बसून राहतील. म्हणून आजचा २,१०० अन् वीस वर्षांनंतरचा जास्तीचा ४०० एका तागडीत तोलू नका.

आता तुम्ही म्हणाल मंग आजच फॉर्म भरतो. थांबा जी. मला तुमच्या पत्रात जे खुपलं ते उधारीचं. कृषी केंद्रवाला शेकडा किती लावते ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडं महिन्याला शेकडा तीन म्हणजे काही नवल नाही. समजा जूनमध्ये २५ हजाराचं बियाणं-खत उचललं अन् डिसेंबरात कापूस विकून फेडलं, तर सहा महिन्यांचं व्याज ४,५०० होते. तुमची वर्षाची पेन्शन २५,२००, म्हणजे बरोबर तेवढी उधारी ती मोडते. तिकडं आत्ता घेतल्याचा तोटा वर्षाला ४,८००, अन् तोही ५८ नंतर सुरू होणारा. बराबरीचंच झालं म्हणा ना, फक्त फायदा आज अन् तोटा उद्या. मात्र तो तोटा मरेपर्यंत आहे हे ध्यानात ठेवा.

पण उधारी मोडायला पेन्शनच पाहिजे असं नाही. सोसायटीचं किंवा बँकेचं पीक कर्ज आहे का तुमचं? वेळेवर भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंत बिनव्याजी पडते, राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत. ते चालू असेल तर कृषी केंद्रावर उधारी काऊन ठेवता? पहिले तिकडचं पाहा. अन् खातं थकीत असेल, नवीन कर्ज भेटत नसेल, तर मात्र पेन्शन आत्ता घेण्यात मला काही वावगं दिसत नाही.

दोन प्रश्न विचारतो, खरं उत्तर स्वतःलाच द्या. एक, तब्येत कशी आहे? शुगर, बीपी, तंबाखू-सुपारीचा खर्रा? (खर्रा खाणारा माणूस ७९ चा हिशोब करतो तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. माझा स्वतःचा खर्रा सुटायला दोन डॉक्टर अन् एक नातू लागला.) दोन, बायको तुमच्यापेक्षा किती लहान आहे? कारण पेन्शन सुरू झाल्यावर तुम्ही गेलात तर तिला तुमच्या पेन्शनच्या अर्धी भेटते. आत्ता घेतली तर तिच्या हिश्श्याला १,०५०, थांबून घेतली तर १,२५०. ती दहा-बारा वर्षांनी लहान असेल अन् तिला दुसरा काही आधार नसेल तर ते दोनशे रुपये तिच्या वीस-पंचवीस वर्षांचे आहेत. निर्णय तुमचा एकट्याचा नाही, अन् तीच "घेऊन टाका" म्हणते आहे तर तिला हे अर्ध्याचं माहीत आहे का तेवढं विचारा.

एकदा घेतली की मागं फिरता येत नाही. ५८ झाले की कापलेले १६ टक्के परत जोडतात असं काही लोक सांगत फिरतात, ते खोटं आहे. अन् उद्या दुसऱ्या जिनिंगमध्ये कामाला लागलात तर पीएफ कटेल पण पेन्शनची नवी वर्षं जमा होणार नाहीत. म्हणून एखाद-दोन वर्षांत पक्की नोकरी भेटायची आशा असेल तर दम धरा.

मी स्वतः ५६ ला घेतली. गावात लोकांनी येड्यात काढलं. मला त्या कपातीचा पस्तावा नाही, पस्तावा आहे तो कागदांचा. बायकोचं नाव पीएफच्या कागदावर माहेरचं, आधारवर सासरचं, अन् माझी जन्मतारीख मास्तरनं टाकलेली १ जुलै, जी आमच्या वर्गात चौदा पोरांची होती. त्या दुरुस्तीत आठ महिने गेले, तेवढ्यात पेन्शनचे आठ हप्ते. म्हणून घ्यायची असो का थांबायची, कागद आजपासून जुळवायला लागा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, आधारशी जोडलेला आहे का पाहा, जन्मतारीख सगळीकडं एक आहे का पाहा, अन् तारखेचा पुरावा म्हणून आधार आता पीएफवाले धरत नाहीत, २०२४ च्या जानेवारीपासून काढून टाकलं, म्हणून शाळेची टीसी किंवा जन्माचा दाखला काढून ठेवा. गिरणी बंद आहे, नोकरी सोडल्याची तारीख कोणी टाकली नसेल तर ती तुम्हाला स्वतःला पोर्टलवर टाकता येते. मंग पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०डी. अडलं तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफवाल्यांचा "निधी आपके निकट" म्हणून कॅम्प असतो, तिथं पेटीतलं सर्टिफिकेट घेऊन जा. पीएफ ऑफिसच्या चकरा वाचतात.

माझं मत मागितलं म्हणून सांगतो. पीक कर्ज थकीत असेल तर घ्या. नसेल तर घाई नाही, पण ५८ पर्यंत थांबून काही खजिना भेटणार आहे असंही समजू नका.

प्रश्न: मी सिमेंट फॅक्टरीत ठेकेदाराकडं आहे, वय ५७, पीएफ १५ हजारावर कटतो. ५८ ला ३,००० पेन्शन बसते. ठेकेदार म्हणतो ६० पर्यंत ठेवतो. मित्र म्हणतो ६० ला घेतली तर आठ टक्के जास्त भेटते. थांबू का?
— ता. कोरपना, जि. चंद्रपूर

उत्तर: दादा, पहिले एक गैरसमज काढा. ५८ झाल्यावर पेन्शन घ्यायला नोकरी सोडावी लागत नाही. नोकरी चालू, पगार चालू, पेन्शनही चालू. अन् मालकाच्या हिश्श्यातले जे १,२५० महिन्याला पेन्शन फंडात जात होते ते तुमच्या पीएफ खात्यात पडायला लागतात.

आता मित्राचे आठ टक्के. नुसतं थांबलात तर दोन वर्षांची ७२,००० पेन्शन सोडायची अन् बदल्यात महिन्याला २४० जास्त. भरून निघायला ६० च्या पुढं २५ वर्षं, म्हणजे ८५ चे होईपर्यंत. हा सौदा मी तरी नाही करणार.

पण थांबायचा दुसराही प्रकार आहे, ६० पर्यंत पेन्शन फंडातली कपात चालू ठेवायची. मंग ती दोन वर्षंही सेवेत धरतात, तुमच्या पगारावर साधारण ४२८ वाढतात, वरून आठ टक्के, म्हणजे ३,७०० च्या आसपास जाते. सोडलेली पेन्शन ७२,००० अन् पीएफ खात्यात न आलेले ३०,००० असा एक लाख दोन हजाराचा खड्डा, तो महिन्याला सातशेच्या हिशोबानं १२ वर्षांत भरतो. ७२ वय. हे वाईट नाही, तब्येत ठीक असेल तर चांगलंच आहे.

फक्त एक भानगड. चार टक्के पूर्ण झालेल्या वर्षाचे भेटतात, अन् ठेकेदाराचा ठेका मधातच गेला तर? तुमच्याकडं दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो अन् जुन्याचं चलान कोणी भरलं का नाही हे पाहायला कोणी नसते. तुमच्या पासबुकात मागच्या पाच वर्षांत एकही महिना कोरा दिसला तर ५८ लाच घेऊन मोकळे व्हा.

प्रश्न: माय ६४ ची आहे, लाडकी बहीणचे १,५०० येतात. ६५ झाल्यावर बंद होतात म्हणे. मग श्रावणबाळ आपोआप लागते का? कधी भरायचं?
— ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर: आपोआप काही लागत नाही ताई. लाडकी बहीण ६५ पर्यंत, श्रावणबाळ ६५ पासून, अन् रक्कमही तेवढीच, म्हणून लोकांना वाटते नाव इकडून तिकडं सरकते. पण खरी अडचण वयाची नाही, उत्पन्नाची आहे. लाडकी बहीणला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते, श्रावणबाळला वर्षाचं २१,००० पर्यंतच. म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्तापासून पाहून ठेवा, तिथंच बरीच नावं गळतात. अर्ज ६५ पूर्ण झाल्यावरच तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर. अन् मायच्या आधारवर तारीख काय आहे ते पाहा, १ जानेवारी असेल तर ती अंदाजे टाकलेली असू शकते. खरं वय जास्त असेल अन् कागद असेल तर दुरुस्ती होते, पण जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून पक्का कागद हातात असल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका.

प्रश्न: मी चार वर्षांपासून ईपीएस पेन्शन घेतो, १,२४० भेटतात. साडेसात हजार होणार होणार ऐकतो. माझ्या भावाचे आता ५८ होतात, त्यानं वाढ होईपर्यंत अर्ज थांबवावा का?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर: काका, तुमच्या बुलढाण्यातच तर २०१८ च्या डिसेंबरात या मागणीसाठी साखळी उपोषण सुरू झालं, ७,५०० अन् त्यावर महागाई भत्ता. मागणी रास्त आहे, किमान पेन्शन १,००० ही २०१४ च्या सप्टेंबरात ठरली होती अन् तेव्हाच्या हजाराचं आता काय येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण ढग दिसला म्हणून कोणी धूळपेरणी करून बसते का? भावाला सांगा अर्ज करून टाक. अन् तुम्ही हयातीचा दाखला चुकवू नका, त्याला नोव्हेंबरचीच वाट पाहावी लागत नाही, ज्या दिवशी दिला तिथून वर्षभर चालतो. कापूस वेचून बोटं घासली असतील, मशीनवर ठसा उमटत नसेल, तर नातवाच्या मोबाईलवर चेहरा दाखवूनही होते.