‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’

या अंकासाठी निवडलेली पत्रं इंटर्नशिपच्या उंबरठ्यावर असलेल्या किंवा आत जाऊन अडखळलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. ‘कुठेतरी चिकटवून द्या’ अशा पत्रांना आमच्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : ऑफर लेटर आलं आहे. मुलाखत झाली नाही, पण ‘प्रशिक्षण साहित्य’ म्हणून साडेचार हजार रुपये आधी भरायला सांगितले आहेत. कंपनी खरी आहे का, हे कसं ओळखावं?
(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, सांगली)

भरू नका. इंटर्नशिपमध्ये पैसे कंपनीकडून विद्यार्थ्याकडे येतात. कधी येतही नाहीत, पण उलटे जात नाहीत. पैसे घेऊन शिकवण्यात गैर काही नाही, फक्त त्याला क्लास म्हणावं.

लेटरहेडवर सीआयएन हा कंपनीच्या ओळखीचा २१ अक्षर-अंकांचा क्रमांक शोधा. पहिलं अक्षर ‘यू’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, ‘एल’ असेल तर आहे. पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग दोन अक्षरं राज्याची (महाराष्ट्राची ‘एमएच’), मग चार अंकी स्थापनेचं साल, तीन अक्षरं कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. पत्रात ‘२०१२ पासून सेवेत’ आणि क्रमांकात २०२४ असेल, तर विचारायला हवं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव ताडून पाहता येतं. एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा) क्रमांक वेगळा असतो आणि एकट्या मालकाच्या व्यवसायाला सीआयएन नसतोच. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, पण मग कार्यालय प्रत्यक्ष पाहून या. आणि क्रमांक खरा निघाला तरी कंपनी नोंदलेली आहे एवढंच कळतं. काम खरं आहे का, हे मार्गदर्शक कोण आणि प्रकल्प कोणता, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून कळेल.

प्रश्न : हिंजवडीतल्या कंपनीत तिसरा आठवडा आहे. माझा बदल लॅपटॉपवर नीट चालतो, सगळ्या टेस्ट पास होतात. सर्व्हरवर मात्र दोन टेस्ट पडतात. मेंटॉर म्हणतात, ‘तुझं तू शोध.’ सुरुवात कुठून करू?
(अंतिम वर्ष, माहिती तंत्रज्ञान, सोलापूर)

एररचा शेवटचा लाल मजकूर सोडून पहिला वाचा. शेवटची ओळ बहुतेक वेळा परिणाम सांगते; खरं कारण वर कुठेतरी असतं. मग तुमचा लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात फरक काय, याची यादी करा. नेहमीचे संशयित चारच आहेत.

पहिला, वेळ. लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे साडेपाच तास मागे. १५ जूनची मध्यरात्र यूटीसीत १४ जून संध्याकाळी साडेसहा असते. जावास्क्रिप्टमध्ये स्थानिक तारखेवर ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ (तारीख यूटीसीत बदलून मजकूर म्हणून देणारी आज्ञा) चालवून पहिली दहा अक्षरं कापली की फॉर्ममध्ये भरलेली जन्मतारीख एक दिवस मागे जाते, ती यामुळेच. दुसरी गंमत अशी की या भाषेत नुसती ‘२०२५-०६-१५’ अशी तारीख दिली तर ती यूटीसी धरली जाते आणि पुढे वेळ जोडली तर स्थानिक. लिनक्स किंवा मॅकवर टेस्ट चालवताना ‘टीझेड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग, इथे वेळेच्या क्षेत्राची) ‘यूटीसी’ करून पाहा. तिथेही टेस्ट पडली तर चोर सापडला. उपाय म्हणून सर्व्हर भारतीय वेळेवर आणू नका, त्याने चूक झाकली जाते. जन्मतारखेसारखी गोष्ट वेळ न जोडता नुसती तारीख म्हणून साठवा. घडलेला क्षण (पैसे कधी भरले, लॉगिन कधी झालं) यूटीसीत साठवा आणि दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ क्षेत्रात बदला.

दुसरा, फाइलचं नाव. विंडोजला ‘रिपोर्ट’मधला आर मोठा की छोटा याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. इम्पोर्ट करताना (दुसरी फाइल कोडमध्ये ओढताना) एक अक्षर चुकलं की सर्व्हर म्हणतो फाइल नाही. विंडोजवर नुसतं अक्षर लहान-मोठं करून नाव बदललं तर गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल अनेकदा दिसतच नाही, म्हणून नाव ‘गिट एमव्ही’ने बदला.

तिसरा, पॅकेजची (इतरांनी लिहिलेल्या आयत्या कोडची) आवृत्ती. लॅपटॉपवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही पॅकेज बसवण्याची आज्ञा दिली असेल, तर लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) बदललेली असू शकते आणि ती कमिट करायची, म्हणजे गिटमध्ये नोंदवायची, राहून गेलेली असू शकते. ‘एनपीएम सीआय’ लॉक फाइलमध्ये लिहिलेलं तेवढंच बसवतं आणि मेळ नसेल तर थांबतं. चौथा, ओळीचा शेवट. विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीअखेर एक जादा अदृश्य चिन्ह असतं. लिनक्स ते इंटरप्रिटरच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावाचाच भाग समजतो आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून मोकळा होतो. ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये स्क्रिप्टसाठी ओळीचा शेवट ‘एलएफ’ (लिनक्सच्या पद्धतीचा, जादा चिन्हाशिवाय) ठरवून टाका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदल एकदम करून टेस्ट पास झाली, तर कशाने झाली हे तुम्हालाच सांगता येणार नाही, आणि मेंटॉर नेमकं तेच विचारतील.

प्रश्न : चुकून एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) गिटवर पुश झाली, म्हणजे सामाईक प्रतीत गेली. पुढच्या कमिटमध्ये काढून टाकली आहे. सांगायची गरज आहे का?
(नाव-गाव नको)

आहे, आणि हे उत्तर वाचून होण्याआधी. पुढच्या कमिटमध्ये काढलेली की मागच्या कमिटमध्ये तशीच असते. ‘गिट लॉग’ पाहणाऱ्या कुणालाही ती मिळते. रेपॉझिटरी (कोडचा साठा) सार्वजनिक असेल तर अशा की शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतातच. खासगी असली तरी ज्यांनी ज्यांनी पुल केलं (कोड उतरवून घेतला), त्यांच्या मशीनवर प्रत गेली.

क्रम असा : आधी मेंटॉरला सांगा, मग ती की रद्द करून नवी घ्या, मग जुनी की कुणी वापरली का हे वापराच्या नोंदींत पाहा. इतिहास पुसणं सगळ्यात शेवटी, आणि तेही टीमने ठरवलं तरच. स्वतःच्या मनाने फोर्स पुश (सामाईक इतिहासावर आपला इतिहास जबरदस्तीने चढवणं) करू नका. इतरांच्या प्रतींशी तुमचा इतिहास जुळेनासा होतो आणि त्यांचं काम अडकतं. की रद्द झाली की इतिहासात उरलेला मजकूर निरुपयोगी असतो, म्हणूनच रद्द करणं आधी.

‘गिटइग्नोर’मध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) नाव घालूनही की ठेवलेली ‘ईएनव्ही’ फाइल पुश होत असेल, तर गिट तिच्यावर आधीपासून नजर ठेवून आहे. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ हा पर्याय देऊन तिला यादीतून काढा. फाइल तुमच्या डिस्कवर राहते.

प्रश्न : मेंटॉर सतत मीटिंगमध्ये असतात. किती वेळा विचारलं तर त्रास होत नाही?
(अमरावती)

कितीदा यापेक्षा कसं विचारता यावर त्रास ठरतो. ‘सर, चालत नाहीये’ याला उत्तर देता येत नाही. काय करायचं होतं, कोणती आज्ञा दिली, एरर काय (मजकूर म्हणून, फोनने काढलेला फोटो नको) आणि काय करून पाहिलं, हे चार ओळींत लिहा. अर्धा-पाऊण तास अडला असाल तर लिहाच; दोन दिवस गप्प बसलेला इंटर्न टीमला जास्त महागात पडतो. लिहिता लिहिता उत्तर सापडतं, असंही बऱ्याचदा होतं.

डेटाबेसला हात लावण्याआधी मात्र दरवेळी विचारा. ‘अपडेट’ (माहिती बदलणारी आज्ञा) चालवण्यापूर्वी त्याच ‘व्हेअर’ अटीवर ‘सिलेक्ट’ (नुसती माहिती दाखवणारी आज्ञा) चालवून किती ओळी येतात ते पाहा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटमध्ये ‘व्हेअर’ विसरलेली अपडेट अडवणारा ‘सेफ अपडेट्स’ पर्याय आहे. त्याचं दुसरं अधिकृत नाव ‘आय अ‍ॅम अ डमी’ आहे. नावाचं वाईट वाटून न घेता वापरा.

प्रश्न : दोन महिने फक्त टेस्टिंग दिलं. वाया गेले का?
(नाशिक)

नाही. मात्र ‘बटण चालत नाही’ असे शंभर बग नोंदवले असतील तर थोडेसे गेले. पायऱ्या, अपेक्षित काय, घडलं काय, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, हे लिहिलेले वीस बग पुढच्या मुलाखतीत बोलायला पुरतात.

प्रश्न : कॉलेजच्या गाइडना अहवालात कोड आणि स्क्रीनशॉट हवेत. कंपनीने गोपनीयतेच्या करारावर सही घेतली आहे. आता?
(अंतिम वर्ष, कोल्हापूर)

करार वरचढ. कोडऐवजी रचनेची आकृती काढा, ग्राहकांची आणि सर्व्हरची नावं गाळून. स्क्रीनशॉट हवेच असतील, तर खोटी माहिती भरलेल्या चाचणी प्रणालीवरून घ्या. खऱ्या ग्राहकाचं नाव-मोबाइल नंबर छापून गेला, तर प्रश्न कराराइतकाच २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही होतो. मसुदा शेवटच्या दिवसाच्या किमान दहा दिवस आधी मेंटॉरना द्या आणि मंजुरी ईमेलवर घ्या, तोंडी नको.

प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख कॉलेजच्या कालावधीशी जुळते का, ते तिथेच तपासा. नंतर एचआरकडून दुरुस्ती करून घ्यायला महिना जातो. कंपनीचा लॅपटॉप परत करताना स्वतःच्या खात्यांतून लॉगआउट व्हा. आठवण म्हणून कोड स्वतःला मेल करू नका.