व्हिडिओ आला नसता तर?

प्रश्न: भाचा न्यू जर्सीत असतो, त्याच्यामुळे मला अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा नाद लागलाय. बायकांना मारहाण, छळ असल्या केसमधे तिथे एका खेळाडूला दोन मॅचची बंदी तर दुसऱ्याला बेमुदत, असं कसं? आणि त्यांचा कमिशनरच चुकला तर त्याला जाब कोण विचारतो?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण आधी रे राईस ह्या एनएफएल खेळाडूची केस बघूया कारण सगळं दुखणं त्यात दिसतं. फेब्रुवारी 2014 मधे अटलांटिक सिटीत कसिनोच्या लिफ्टमधे त्यानं आपल्या होणाऱ्या बायकोला मारलं, ती बेशुद्ध पडली आणि तिला लिफ्टबाहेर ओढतानाचा व्हिडिओ काही दिवसातच सगळ्यांनी बघितला. जुलैमधे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, रॉजर गुडेल यांनी शिक्षा दिली, 2 मॅच. त्याच उन्हाळ्यात जॉश गॉर्डन ह्या दुसऱ्या खेळाडूला गांजासाठी अख्ख्या वर्षाची बंदी झाली (नंतर ती 10 मॅचवर आली). लोक खवळले, मग ऑगस्टमधे गुडेलनी टीमच्या मालकांना पत्र लिहून चूक मान्य केली आणि घरच्या हिंसाचाराच्या पहिल्या गुन्ह्याला 6 मॅच असा नियम आणला. मग 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला, त्याच दिवशी टीमनं त्याला काढलं आणि लीगनं बेमुदत बंदी घातली.

आता मला सांगा, जुलै ते सप्टेंबर ह्यात गुन्हा बदलला का? ठोसा तोच होता आणि बाई तीच होती, फक्त लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं. राईसनं अपील केलं तेव्हा माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी नोव्हेंबरमधे ती बंदी रद्द केली, कारण त्यानं लीगपासून काही लपवलं नव्हतं आणि एकाच गोष्टीला दोनदा शिक्षा देता येत नाही. म्हणजे आधी हलकं सोडलं, मग लोकांच्या भीतीनं जास्त ठोकलं आणि शेवटी ती शिक्षाही टिकली नाही. त्या बाईला ह्यातून काय मिळालं हे कोणी विचारलंच नाही, ह्याचा मला आजही राग येतो.

राहिला जाब विचारायचा प्रश्न. कमिशनरला टीमचे मालक निवडतात आणि पगारही तेच ठरवतात. त्यावेळी चौकशी त्याच्याच ऑफिसची, शिक्षा त्याची आणि अपीलही हवं तर तोच ऐकणार. टॉम ब्रॅडी ह्या खेळाडूला बॉलमधली हवा कमी केल्याच्या प्रकरणात 4 मॅच दिल्या (हवेला चार, बायकोला मारल्याला दोन!), अपील गुडेलनीच ऐकलं आणि 2016 मधे वरच्या कोर्टानं म्हटलं की लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या करारातच त्यांना तो अधिकार दिलाय. राईस प्रकरणात माजी एफबीआय प्रमुख रॉबर्ट म्युलर यांनी चौकशी केली. लीगनं आतला व्हिडिओ आधी बघितल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, पण लीगकडे जेवढी माहिती होती त्यावरून अजून खोलात जायला हवं होतं असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. गुडेल खुर्चीवर राहिले.

2020 च्या करारानं थोडं सुधारलं, पहिला निकाल आता लीग आणि खेळाडूंची युनियन मिळून नेमलेला अधिकारी देतो, अपील मात्र अजून कमिशनरकडेच. 2022 मधलं डेशॉन वॉटसन ह्या खेळाडूचं प्रकरण बघा, त्याच्यावर वीसच्या वर महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावले होते. त्यानं आरोप नाकारले, फौजदारी खटलाही झाला नाही. माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी 6 मॅच दिल्या, लीगनं अपील केलं आणि तडजोड होऊन 11 मॅच आणि 50 लाख डॉलर दंड ठरला. पण त्याआधीच ब्राउन्स ह्या टीमनं त्याला 23 कोटी डॉलरचा पूर्ण गॅरंटीवाला करार दिला होता आणि पहिल्या वर्षाचा पगार एवढा कमी ठेवला होता की बंदीनं फारसं काही कापलंच जाऊ नये. मालकाला दंड बसत नाही तोपर्यंत हे असंच चालणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: माझी मुलगी म्हापशाला फुटबॉल खेळते. कोचनं किंवा पदाधिकाऱ्यानं काही केलं तर आम्ही जायचं कुठे? क्लबवाले आपसात मिटवा म्हणतात.
– एक आई, बार्देश

उत्तर: आपसात मिटवू नका. मार्च 2024 मधे आपल्या गोव्यातच महिला लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या वेळी हिमाचलच्या क्लबच्या दोन मुलींनी मारहाणीची तक्रार केली, ती अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या कार्यकारिणीतल्याच माणसाविरुद्ध. त्या पोलिसांकडे गेल्या म्हणून अटक झाली आणि फेडरेशनला निलंबन करावं लागलं.

मुलगी 18 च्या आत असेल आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो, सरळ पोलीस स्टेशन किंवा 1098 ही मुलांची हेल्पलाईन, आणि माहीत असून न कळवणं हा क्लबवाल्यांचाही गुन्हा ठरतो. मोठ्या मुलींसाठी 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे, त्यात स्टेडियम आणि क्रीडासंस्था हे कामाचं ठिकाणच धरलंय. क्लबमधे दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तक्रार लेखी द्या, तीन महिन्यांच्या आत द्या, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.