मासे मेले, पण कशाने?

प्रश्न : आमच्याकडे कामाला एक साफसफाईचं केमिकल येतं. त्याच्या सेफ्टी डेटा शीटवर 'मासे, ९६ तास, एलसी ५० : ४ मिग्रॅ प्रति लिटर' असं छापलंय. साहेब म्हणतात ४ च्या आत असलं तर बिनधास्त नाल्यात सोडा, माशांना काही होत नाही. बरोबर आहे का?

उत्तर : साफ चूक. ४ म्हणजे मासे वाचतात तो आकडा नाहीये हो, ४ म्हणजे चार दिवसांत निम्मे मासे मरतात तो आकडा. ३ ला कदाचित दहातले दोन-तीन मरतील, आणि २ ला एकही मेला नाही तरी ते मजेत आहेत असं नाही. तोल जाऊन कलंडणं, वर येऊन तोंड उघडून हवा ओढत राहणं, अंगाचा रंग काळपट पडणं, हे सगळं जिवंत माशातच दिसतं आणि एलसी ५० च्या आकड्यात त्यातलं काहीच येत नाही. ओईसीडी या देशांच्या संघटनेची २०३ नंबरची टेस्ट गाइडलाइन आहे ना, जिच्यावरून बहुतेक ठिकाणी ही टेस्ट करतात, तिच्या २०१९ च्या सुधारणेत ही लक्षणं नीट नोंदवण्यावर भर दिलाय तो त्यासाठीच.

दुसरं, टेस्ट फक्त ९६ तासांची. सहा महिने थोडंथोडं केमिकल येत राहिलं तर काय, अंडी घातली जातील का, पिल्लं जगतील का, हे ती सांगतच नाही. म्हणून युरोपात केमिकलची जोखीम काढताना हातात फक्त मासे, डॅफ्निया (पाण्यातले पिसूएवढे जीव) आणि शेवाळ यांच्या अशा थोड्या मुदतीच्या टेस्ट असल्या तर त्यातला सगळ्यात लहान आकडा घेऊन त्याला सरळ १००० ने भागतात आणि येईल ते पाण्यातलं सुरक्षित प्रमाण धरतात. तुमचा ४ च सगळ्यात लहान असेल तर हिशेब येतो लिटरला ०.००४ मिग्रॅवर. साहेबांना हे भागून दाखवा. आणि हो, आकडा जितका लहान तितकं विष जास्त, हे पण सांगा, लोक हमखास उलटं वाचतात.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एका डिटर्जंटची टेस्ट केली. ५ टाक्यांत वाढतं प्रमाण, एक टाकी नुसत्या पाण्याची, प्रत्येकीत १० झेब्राफिश. चौथ्या दिवशी नुसत्या पाण्यातले पण ३ मेले. ते ३ सगळीकडून वजा करून एलसी ५० काढला तर चालेल का? सबमिशन जवळ आलंय.

उत्तर : वाईट वाटतं सांगायला पण नाही चालणार, टेस्ट परत करावी लागेल. कंट्रोलमध्ये (नुसत्या पाण्याच्या टाकीत) १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या १० माशांत एकच, एवढीच सूट आहे. ३ मेले म्हणजे तुमच्या पाण्यात किंवा माशांत आधीच काहीतरी बिनसलंय, आणि तेच बाकीच्या पाच टाक्यांत पण होतंच, मग तिथले मासे डिटर्जंटने गेले की त्या दुसऱ्याच कारणाने, हे वजाबाकीने कळत नाही.

चूक कुठे झाली असेल? माझा पहिला संशय नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर, दुसरा मासे आणल्या आणल्या टेस्टला लावले यावर. त्यांना तुमच्या पाण्यात, तुमच्या तापमानाला निदान दीड-दोन आठवडे राहू द्यायचं आणि त्या काळातच पटापट मरायला लागले तर तो लॉट घ्यायचाच नाही. तिसरी गोष्ट खाणं. टेस्टच्या २४ तास आधी बंद आणि टेस्टभर बंद, दया येऊन चिमूटभर टाकलं की विष्ठा, त्यातून अमोनिया, मग मासे अमोनियाने मरतात आणि नाव डिटर्जंटचं! पाणी न बदलता करत असाल तर लिटरमागे ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त मासा नको. ऑक्सिजन ६० टक्के सॅच्युरेशनच्या (पाण्यात जास्तीत जास्त मावेल त्याच्या ६० टक्क्यांच्या) खाली जाऊ द्यायचा नाही, बुडबुडे सोडले तर हरकत नाही पण उडून जाणारं केमिकल असेल तर ते पण बुडबुड्यांबरोबर निघून जातं, हे ध्यानात ठेवा.

प्रमाण ठरवताना १, २, ४, ८, १६ असं दुप्पट-दुप्पट घ्या, दोन टाक्यांतलं अंतर २.२ पटीपेक्षा जास्त नको. आणि तुम्ही ओतलं तेवढंच पाण्यात आहे असं धरून चालू नका, काही काचेला चिकटतं, काही कुजतं. मोजून बघा, २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर मोजलेला आकडा वापरायचा.

मेलेला मासा ओळखणं हेच नवख्यांना जमत नाही. तळाशी आडवा पडलाय म्हणून मेला असं नाही. कल्ल्याच्या झाकणाकडे टक लावून बघा, हलतंय का? नाही हलत, तर काचेच्या कांडीने शेपटीच्या बुडाशी हलकेच टोचा. तरी काही नाही, तर मेला, लगेच बाहेर काढा नाहीतर कुजून बाकीच्यांचं पाणी घाण करतो. २४, ४८, ७२, ९६ तासांना नोंद तर ठेवायचीच, पण मधेमधे पण डोकवा.

प्रश्न : एकाच तांब्याच्या क्षारासाठी दोन ठिकाणी एलसी ५० चे अगदी वेगळे आकडे मिळाले. एक चूक असणार ना?

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतात. मऊ पाण्यात तांबं जास्त मारतं, जड पाण्यात कॅल्शियम कल्ल्यांवरची जागा अडवतं म्हणून कमी. त्यात मासा कुठला, त्याचं वय काय, पीएच किती यानेही फरक पडतो. आकड्याशेजारी पाण्याचा जडपणा आणि माशाची जात लिहिलेली नसेल तर मी तरी तो आकडा वापरत नाही.

प्रश्न : मासे न मारता हे करता येत नाही का?

उत्तर : बऱ्यापैकी येतं. २०१३ पासून झेब्राफिशच्या नुकत्याच फळलेल्या अंड्यांवरची टेस्ट आहे, तीही ९६ तासांचीच, पण तेव्हा पिल्लू स्वतः खायलाही लागलेलं नसतं. २०२१ मध्ये ट्राउट माशाच्या कल्ल्यांच्या पेशींवरची आली, तिला अख्खा मासा लागतच नाही. अजून सगळीकडे पूर्ण पर्याय म्हणून घेत नाहीत ही अडचण. पण प्रोजेक्टवाल्या मुलांनी अंड्यांची बघाच, अंडं पारदर्शक असतं, साध्या मायक्रोस्कोपखाली हृदय धडधडताना दिसतं, आणि ते थांबलं की नोंद करायची.