इंग्लंडच्या शाळेत लेकीला सोया दूध मिळेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की सप्टेंबरपासून तुमची सहा वर्षांची लेक इंग्लंडच्या शाळेत जाणार, तिला दुधाची ॲलर्जी आहे, तर दुपारच्या जेवणात सोया किंवा ओटचं दूध मिळेल का. मिळू शकतं, पण आपोआप मिळेल असं धरून चालू नका. मीही कोल्हापूरचीच, शुक्रवार पेठेतली, बारा वर्षं झाली इकडे येऊन. माझ्या मुलालाही हाच त्रास आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जेवणाच्या पैशांची चिंता सध्या नको. सरकारी शाळेत रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांना 2014 पासून ते मोफत आहे, आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत. दुधाचा नियम असा की शाळेच्या वेळेत दिवसातून एकदा तरी कमी फॅटचं दूध प्यायला ठेवावंच लागतं. कॅल्शियम घातलेलं साधं सोया, ओट किंवा तांदळाचं पेय द्यायला परवानगी आहे, सक्ती नाही. त्यामुळे एका शाळेत मिळतं, शेजारच्या शाळेत नाही.

पण खरा धोका ग्लासातल्या दुधाचा नाहीच. ते दिसतं, पोर स्वतः नको म्हणतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या मुलाच्या ताटात केकच्या तुकड्यावर कोमट पिवळं कस्टर्ड ओतलं गेलं. मी वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलं होतं. स्वयंपाकघर चालवणारे वेगळे, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. न्यायला गेले तर ओठ सुजलेला, मानेवर गांधी उठलेल्या. तो दिवस मी विसरू शकत नाही. म्हणून कळकळीने सांगते, शाळेच्या ऑफिसला आणि किचनला वेगवेगळं, लेखी द्या. लेकीचा 'इंडिव्हिज्युअल हेल्थकेअर प्लॅन', म्हणजे तिच्या त्रासात शाळेनं काय काळजी घ्यायची त्याचा लेखी आराखडा, करून मागा. आठवड्याचा मेनू घेऊन एकेका पदार्थाबद्दल विचारा: कुस्करलेला बटाटा, पास्त्याचा सॉस, पुडिंग. ॲलर्जी आणणाऱ्या ठरावीक 14 घटकांपैकी (ॲलर्जन) पदार्थात काय आहे ते सांगणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे. त्या 14 मध्ये दूध आणि सोया दोन्ही येतात.

निघण्याआधी कोल्हापुरातल्या बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत पत्र घ्या. काय खाल्ल्यावर काय झालं, कोणतं औषध दिलं, आणि गाय, म्हैस, शेळी तिन्हींचं दूध बंद, हे स्पष्ट लिहून घ्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध पिणारं आपलं गाव. "म्हशीचं पचतं गं, देऊन बघ" असं घरचं कुणीतरी म्हणणारच. गाईच्या दुधाची ॲलर्जी असली की म्हशीचं आणि शेळीचंही बहुधा बाधतं. न पचणं वेगळं, ॲलर्जी वेगळी.

दुकानात पुड्यावर 'मिल्क' शोधू नका. ते नाव इथं जनावरांच्या दुधालाच राखून ठेवलंय, त्यामुळे 'सोया ड्रिंक', 'ओट ड्रिंक' असं लिहिलेलं असतं. बिनसाखरेचं, कॅल्शियम, आयोडीन आणि बी-12 घातलेलं घ्या. ऑरगॅनिक पुड्यात बहुतेकदा कॅल्शियम घातलेलं नसतं. सोयात 100 मिलीला साधारण 3 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामाच्या पेयात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तालमीतल्या थंडाईत पैलवान मूठभर बदाम वाटून घालतात, त्या हिशेबानं या पुड्याकडे बघू नका. लेकीला सोया चालत असेल तर तेच द्या, आणि ओतण्याआधी पुडा हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं. घरात धाकटं मूल असेल तर त्याला पाच वर्षांचं होईपर्यंत तांदळाचं पेय नको, त्यातल्या आर्सेनिकमुळे इथली आरोग्यसेवा मनाई करते.

डबा द्यायचं ठरवलंत तर आधी शाळेला विचारा. बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला बंदी असते, म्हणजे आपली चटणीही चालत नाही.

डॉक्टरांच्या पत्रावर सही-शिक्का घ्या आणि दोन प्रती विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.