आधी ऐकून घे

अनेक आशीर्वाद.

परवा विश्रामबागच्या स्टॉपवर तू म्हणालीस, "सर, जतकडची पोरं वर्गात तोंडच उघडत नाहीत." तेवढ्यात बस आली नि उत्तर राहिलं.

तोंड उघडल्यावर काय होतं, ते त्यांना ठाऊक असतं. माझ्याच वर्गात झालं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्राच्या तासाला, कर्नाटकच्या सीमेजवळच्या उमदीकडचा एक मुलगा दुष्काळाबद्दल सांगायला उठला. "ते म्हैस विकलं की दूध बंद, मग सर..." मी मध्येच म्हणालो, "ते नाही रे, ती म्हैस." वर्ग हसला. तो बसला, आणि पदवी होईपर्यंत पुन्हा उठला नाही. कानडीत माणसं सोडली तर सगळं 'ते'च असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्या घरची बोली होती ती. आणि 'मग सर'च्या पुढे तो काय सांगणार होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून आधी ऐकून घे. भाषा सुधारायचीच आहे, पेपर प्रमाण मराठीतच लिहायचाय. पण ते नंतर, वहीत, एकट्याला बोलावून.

विटा-आटपाडीकडच्या, सोनं गाळायच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेल्या गलाईवाल्यांची एखादी मुलगी असेल तुझ्या वर्गात, तमिळनाडूत नाहीतर केरळात वाढलेली, मराठी लिहिताना अडखळणारी. तिला विचार, जुनं सोनं आटवताना घट कशी धरतात. विचार आणि थांब. पहिलं मिनिट जड जातं, तू घाईनं स्वतःच उत्तर देऊन टाकशील. देऊ नकोस. ऐकून घे.

सिलॅबसचं काय, म्हणशील. माझा मागे पडायचा, त्यावरून बोलणी खाल्ली. रविवारी तास घेऊन पुरा केला, पण त्या मुलानंतर कुणाचं वाक्य तोडलं नाही. त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुला तासिका तत्त्वावर तासाचेच पैसे मिळतात, हे कळतं मला. तरीही.

आणि 'मागास पोरं' हा शब्द परवा वापरलास, तो पुन्हा नको. राग आला होता मला. कर्मवीरांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. आपण एका वर्गात बसवतो, आणि वाढायच्या वेळी पुढच्या दोन बाकांशीच थांबतो.

रविवारी हजेरीपट घेऊन घरी ये. कानडी आडनावं तू तोडून म्हणतेस, ती आधी नीट म्हणायला शिकू.