नळाच्या दिवशी

पत्र (थोडं कमी करून): ताई, मी परभणीला राहते. मुलगी अडीच वर्षांची, मुलगा नऊ महिन्यांचा. मालक रोज जिंतूरला अप-डाऊन करतात. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. परवा पाणी भरताना मुलीनं भरलेली बादली लवंडून दिली, तीही माझ्याकडे बघत, हसत. मी इतक्या जोरात मारलं की गालावर बोटं उमटली. मग ती रडत रडत माझ्याच पायाला येऊन बिलगली. मला त्याचीच जास्त लाज वाटली. सासूबाई म्हणतात, आम्ही पाच लेकरं वाढवली, आमचं डोकं नाही कधी फिरलं. लग्नाआधी मी कुणावर आवाजही चढवला नव्हता. आता कधी कधी वाटतं, ही लेकरं झालीच नसती तर बरं होतं. ती मुद्दाम करते का? मला काही झालंय का? तिला हे आठवेल का? नाव छापू नका.

उत्तर: बोटं उमटली, हे तू लिहिलंस. न लिहिताही पत्र पुरं झालं असतं. मारलं ते चूकच, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण त्याचा पाढाही वाचणार नाही, तो तू रात्रंदिवस वाचायलीसच.

मुद्दाम करते का? घरात श्रीखंडाचा रिकामा डबा असेल, आणि त्यात शेंगदाण्याची चटणी भरलेली असेल. (आपल्याकडची लेकरं तशीही श्रीखंडाच्या डब्यावर विश्वास ठेवत नाहीत, ते सोड.) मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात असाच प्रयोग केला, गोळ्यांच्या डब्यात पेन्सिली ठेवून. डबा उघडून दाखवायचा, बंद करायचा आणि विचारायचं, आता बाहेरून कुणी आलं तर त्याला यात काय आहे असं वाटेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं सांगतात, पेन्सिली. मला माहीत आहे म्हणजे सगळ्यांनाच माहीत असणार. पण मला भारी वाटतो तो पुढचा प्रश्न. उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं? त्यालाही ती म्हणतात, पेन्सिली! मिनिटापूर्वीचं स्वतःचं मनही त्यांच्या हाती लागत नाही. चार-पाच वर्षांची झाली की जमायला लागतं.

तुझी तर अडीचची आहे. ‘आईनं दहा दिवस वाट बघितली, आता तिचा जीव जाळू’ असा डाव मांडायला आईचं मन वेगळं असतं हे पक्कं ठाऊक लागतं. बादली आडवी केली की पाणी सगळीकडे पळतं आणि आईचं तोंड बदलतं, एवढंच तिला बघायचं होतं. म्हणून ती तुझ्याकडे बघून हसली.

आणि ती तुझ्याच पायाला बिलगली, तर जाणार कुठं? भ्यालेलं लेकरू आईकडेच पळतं, भीती आईचीच असली तरी. ती माफी नव्हती, आणि तुला लाज वाटावी म्हणूनही ती आली नव्हती. उचलून घ्यायचं आणि म्हणायचं, ‘आईनं मारलं, दुखलं, आईचं चुकलं.’ एवढंच. त्याला ‘पण तू पाणी का सांडलंस’ हे शेपूट लावू नको.

आता तुझ्या मनाचं. १९९३ साली मी औशाला होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं, भिंतींना चिरा गेल्या, आणि पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. खेळता खेळता तो घराकडे पळाला की मी त्याला ओढून आणायचे आणि बदडायचे. लेकरू ऐकतच नाही, असं मी शेजारपाजारी सांगायचे. त्या बिचाऱ्या बाया मान हलवायच्या. चार-पाच वर्षांनी एका रात्री वाऱ्यानं पत्रा वाजला, आणि मी झोपेतून उठून थेट रस्त्यावर. एकटी. पोरगं आत झोपलेलं. तिथं अनवाणी उभी राहिले तेव्हा मला कळलं की मी त्याला न ऐकल्याबद्दल कधी मारलंच नव्हतं. घाबरलेली मी होते. हे त्याला सांगायला मला आणखी वीस वर्षं लागली.

तुझ्या बादलीत पंधरा-वीस लिटर पाणी असेल. तेवढ्यासाठी बोटं उमटत नाहीत गं. माहेरी पाणी कोण भरायचं? सांडलं तर कोण कुणाला काय बोलायचं? तू लिहिलेलं नाहीस, पण आठवून बघ. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सांडलेलं पाणी बघून आपल्याकडच्या माणसाच्या पोटात जो खड्डा पडतो, तो पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. अडीच वर्षांच्या पोरीला कसा कळावा?

लग्नाआधी आवाज चढवला नव्हता म्हणतेस. तेव्हा तुला रात्री चारदा कोण उठवत होतं? पैठणच्या नाथांवर एक माणूस शंभरावर वेळा थुंकला आणि ते दर वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, असं सांगतात. नाथ मोठेच. पण त्यांना मधेच येऊन कुकर लावायचा नव्हता.

‘झालीच नसती तर’ या विचाराला इतकी घाबरू नको. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ होते. आईला आपल्या बाळाचा राग का येतो, याची लांबलचक यादीच त्यांनी १९४९ मध्ये दिली होती. बाळ आईला बिनपगारी नोकरासारखं वागवतं, हे त्यात आहे. आईनं केलेलं चांगलं जेवण नाकारतं आणि मावशीकडे पोटभर जेवतं, हेही आहे! मनात येणं वेगळं आणि हात उठणं वेगळं, हा फरक मात्र धरून ठेव.

पण धाकटा नऊ महिन्यांचाच आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त कशातच जीव रमत नसेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव. स्वतःला किंवा लेकरांना काही करावं असं वाटलं, तर थांबू नको, त्याच क्षणी घरच्यांना जवळ बोलाव आणि दवाखाना गाठ. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. शिवाय हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातलं बरंचसं कधी कधी तिथंच निघतं.

नळाच्या दिवशी मात्र एकटीनं पाणी भरायचं नाही. दोन लेकरं आणि एक नळ हे एका बाईचं काम नाही, मालकांना हे पत्र वाचायला दे. त्या दिवशी त्यांनी पुढची गाडी पकडावी. पोरीला धुण्याचं उरलेलं पाणी आणि एक मग देऊन अंगणात बसव. तिला सांडायचंच आहे, तर सांडू दे. पुढचा महिनाभर किराणाच्या वहीत मागच्या पानावर लिही, डोकं फिरलं तेव्हा किती वाजले होते आणि तू शेवटचं कधी खाल्लं होतंस. बाकी काही लिहू नको.

आठवेल का? बहुतेक मोठ्या माणसांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. त्यामुळे ही थापड बहुधा आठवणार नाही. रोज पडायला लागल्या तर आठवायची गरज उरत नाही, त्या अंगात मुरतात.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या वयाचा अंदाज बांधला तर १९७२ च्या दुष्काळात त्या आठ-दहा वर्षांच्या असतील. त्यांच्याशी पाच लेकरांवरून वाद घालू नको. एखाद्या दुपारी भाजी निवडताना विचार, ‘तुमच्या हातून कधी घागर फुटली होती का?’ त्या काय म्हणाल्या, ते मला कळव.