एनबीएमधील लहान शहरांचे संघ स्पर्धेत टिकू शकतात का?

लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क यांच्याकडे पैसा व प्रसिद्धी दोन्ही असताना एनबीएतील, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील, लहान शहरांच्या संघांना विजेतेपदाची आशा उरते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चित उरते. सॅन अँटोनियोने 1999 ते 2014 या काळात पाच विजेतेपदे मिळवली, मिलवॉकीने 2021 मध्ये आणि ओक्लाहोमा सिटीने 2025 मध्ये विजेतेपद पटकावले. 2025 च्या अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटीसमोर इंडियाना होता, म्हणजे दोन्ही संघ लहान शहरांचे होते, आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत रंगली. लहान शहरांना खरे जड जाते ते जिंकणारा संघ बांधून ठेवणे.

राष्ट्रीय प्रक्षेपण हक्कांचे उत्पन्न तीसही संघांत समान वाटले जाते आणि खेळाडूंच्या एकूण वेतनावर बंधने असतात, त्यामुळे पैशांची दरी वाटते तितकी रुंद नाही. मात्र करार संपून मोकळा झालेला मोठा खेळाडू आपणहून लहान शहर क्वचितच निवडतो. म्हणून या संघांना ड्राफ्ट (दरवर्षी नवोदित खेळाडू क्रमाक्रमाने निवडण्याची पद्धत, ज्यात कमकुवत संघांना वरच्या क्रमांकाची संधी अधिक असते) आणि इतर संघांशी खेळाडूंची वा निवड हक्कांची अदलाबदल या दोनच मार्गांवर भिस्त ठेवावी लागते. मिलवॉकीने यानिस आंतेतोकुम्पो याला 2013 मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडले, तर डेन्व्हरने निकोला योकिच याला 2014 मध्ये तब्बल एकेचाळिसाव्या क्रमांकावर, आणि दोघेही पुढे लीगचे मोठे तारे ठरले.

ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 2012 मध्ये अंतिम फेरी गाठल्यानंतर काही महिन्यांतच कराराच्या रकमेवर एकमत न झाल्याने त्यांनी आपला गुणी खेळाडू जेम्स हार्डन ह्यूस्टनला देऊन टाकला, आणि 2016 मध्ये संघाचा तारा केव्हिन ड्युरंटही निघून गेला. 2019 च्या जुलैमध्ये संघाचा आणखी एक तारा पॉल जॉर्जने लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जाण्याची मागणी केली, तेव्हा हा संघ आता संपला, असेच अनेकांना वाटले. परंतु जॉर्ज आला तरच तेव्हा करारमुक्त असलेला तारा कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे येणार होता, आणि क्लिपर्सची ही निकड ओळखून व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी भरपूर किंमत वसूल केली: डॅनिलो गॅलिनारी, नुकताच पहिला हंगाम संपवलेला शे गिल्जस-अलेक्झांडर, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे पाच निवड हक्क आणि शिवाय दोन हक्कांच्या अदलाबदलीची मुभा. त्यांपैकी 2022 च्या हक्कातून जेलन विल्यम्स मिळाला. पुढे शे हंगामाचा आणि अंतिम मालिकेचा असा दोन्हींचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या दरम्यान संघाने 2020-21 मध्ये 22 आणि पुढच्या हंगामात 24 इतकेच सामने जिंकले होते. अशा काळात मालकाने व्यवस्थापकाला हात न लावणे, हे माझ्या दृष्टीने निवडीतल्या पारखीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक लहान संघ नेमके तिथेच कच खातात. नशीबही लागतेच, पण केवळ वरचा क्रमांक मिळून भागत नाही. सॅक्रामेंटोला 2018 मध्ये दुसरा क्रमांक मिळाला होता. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतले आणि पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर पुढे मोठा तारा ठरलेला लुका डॉन्चिच निवडला गेला. मोठ्या शहराला अशी चूक एखादा तारा ओढून आणून भरून काढता येते. सॅक्रामेंटोला ती सोय नव्हती. 2006 नंतर बाद फेरीत पोहोचण्यासाठी त्यांना 2023 उजाडावे लागले.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 2023 च्या वेतन करारानंतर ही चुरस आणखी बिकट झाली आहे. एकूण वेतनाची ठरावीक वरची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला केवळ कर भरून सुटता येत नाही, तर एकाहून अधिक खेळाडूंचे वेतन एकत्र करून मोठी अदलाबदल करण्यावरही बंदी येते. या नियमाने श्रीमंत संघांना लगाम बसला हे चांगलेच झाले, परंतु आपल्याच ड्राफ्टमधून तीन-चार उत्तम खेळाडू घडवणाऱ्या लहान संघालाही तो सारखाच लागू होतो, हे मला अन्यायाचे वाटते. ओक्लाहोमा सिटीत विल्यम्स आणि चेट होमग्रेन यांचे वाढीव करार 2026-27 पासून आणि शेचा 2027-28 पासून सुरू होतो. तिघांना राखायचे तर बाकीच्या चांगल्या खेळाडूंपैकी काहींना सोडावेच लागेल, आणि त्यांच्या जागी कमी वेतनात तरुण खेळाडू आणण्यासाठी प्रेस्टी यांनी साठवलेले उरलेले निवड हक्क तेव्हाच कामी येतील.